राउंडच्या वेळी नातेवाइकांनी बाहेर थांबावे

सांगली, ८ जानेवारी २०२५

डॉ. ब्राह्मी यांस,

अक्षर तू ओळखशील, म्हणून प्रस्तावना टाळतो. फोन केला नाही, कारण फोनवर नकार देणे सोपे असते आणि तुझा नकार मला न्याय्य मानावा लागला असता. पत्र निदान शेवटपर्यंत वाचले जाण्याची शक्यता असते.

मला तुझे वैद्यकीय मत हवे आहे. सहानुभूती मागत नाही, आणि या पत्राने आपल्यातला जुना वाद मिटला असेही मी समजत नाही.

रुग्ण माझी नात, अपेक्षा, वय सहा. सुंदरीची मुलगी. वादस्पर्धेच्या तयारीसाठी तू आमच्या घरी येत होतीस तेव्हा दाराआड उभी राहून तुझ्या हातवाऱ्यांची नक्कल करणारी ती सुंदरी. पुढे तिने जतच्या पलीकडच्या एका वाडीतल्या मल्हारशी लग्न केले. घर मेंढपाळांचे, तो स्वतः सैन्यात, सध्या दूरच्या चौकीवर. त्या लग्नाला मी दोन वर्षे मुद्देसूद विरोध केला. ती सुखात आहे, ही गोष्ट माझ्या कोणत्याच मुद्द्यात बसत नाही.

गेल्या ऑगस्टात अपेक्षाला मेंदूज्वर झाला. ज्या रुग्णालयातून तू मेढ्याला निघून गेलीस, तिथेच ती एकवीस दिवस होती. वाचली. डावा पाय किंचित ओढते, आणि फिट येऊ नये म्हणून एक पातळ औषध तिला दिवसातून दोनदा, जेवणानंतर, द्यायचे असते. सप्टेंबर ते नोव्हेंबर ती वाडीवर, मल्हारच्या आई धोंडुबाई यांच्याकडे होती. त्या तीन महिन्यांत एकही फिट आली नाही. एक डिसेंबरला मी तिला आणि सुंदरीला इकडे आणले. इथे पायाच्या व्यायामाची सोय आहे, रुग्णालय दहा मिनिटांवर आहे, घरात पाणी उकळून गाळून घेतले जाते. पाच डिसेंबरपासून पहाटेच्या फिट सुरू झाल्या. आजपर्यंत अकरा.

उपचार डॉ. शिवतेज करतात. तरुण आहेत, कमी बोलतात, जे बोलतात ते जबाबदारीने. त्यांनी रक्तातले औषधाचे प्रमाण दोनदा तपासले. ते पुरेसे आहे. औषध पुरेसे असून फिट येते, म्हणजे हे एकटे औषध पुरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. पायऱ्या निर्दोष आहेत. दुसरे औषध जोडले गेले. त्याने फिट थांबल्या नाहीत. मूल मात्र थांबले. वाडीवरच्या चाळीस मेंढ्यांना नावाने हाका मारणारी मुलगी आता 'पाणी' हा शब्द शोधत बसते. तिसऱ्या औषधाचा विचार चालू आहे. त्यानेही भागले नाही तर पुढे काय, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

औषधाबाबत खात्री देतो. चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे, एकही मात्रा न चुकता दिले जाते. देखरेख माझी आहे.

आता एक कबुली, कारण ती लपवून मत मागणे अप्रामाणिक ठरेल. अकरा वर्षांपूर्वी तू या रुग्णालयाच्या समितीपुढे ठराव मांडला होतास: मुलांच्या विभागात सकाळच्या राउंडला आई-वडिलांना खाटेशेजारी थांबू द्यावे, आणि त्यांनी ठेवलेली टिपणे केसपेपरला जोडावीत. बाहेरचा सदस्य म्हणून मी पाऊण तास विरोध केला. आई-वडील हितसंबंधी असतात, म्हणून त्यांची साक्ष दूषित असते. त्यांच्यादेखत डॉक्टर मोकळेपणी शंका बोलणार नाहीत. एका आजाराच्या दोन नोंदी झाल्या की दोन सत्ये तयार होतील. ठराव पडला. मला टाळ्या मिळाल्या, आणि तू महिन्याभरात राजीनामा दिलास. त्यानंतर विभागाच्या दारावर जी पाटी लागली तिचे वाक्य माझे आहे: 'राउंडच्या वेळी नातेवाइकांनी बाहेर थांबावे.' ऑगस्टात एकवीस सकाळी त्या पाटीखालच्या बाकावर मी बसलो. पाठ टेकता येत नाही असा तो बाक आहे.

तुझ्या उत्तराची अपेक्षा धरण्याचा अधिकार मला नाही. तरी धरतो.

मदन चौगुले


सांगली, १९ जानेवारी २०२५

ब्राह्मी,

तुझे कार्ड मिळाले. दोन पानी पत्राला उत्तर एका वाक्याचे: 'मुलीची आई काय म्हणते?'

प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देणे ही पळवाट आहे, असे मी तुला अकरावीतच शिकवले होते. दोन दिवस मी रागात होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आले, की तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो. सुंदरी भाकरी थापत होती. अपेक्षाच्या आजाराविषयी तिला काय वाटते, असे मी विचारले. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवले आणि मगच म्हणाली, "अण्णा, पन्नास दिवसांत हे तुम्ही पहिल्यांदा विचारताय. थांबा, हात धुऊन येते."

तिने मुलीच्या कपड्यांखालून एक शंभरपानी वही काढली. मी ती खुर्चीत बसून वाचायला घेतली आणि संपेपर्यंत उठलो नाही. प्रत्येक फिटची वेळ, मिनिटासह. आधी कोणता हात, मग डोळे कुठे, किती वेळ, नंतर झोप किती. पानाच्या मधोमध एक उभी रेघ. डावीकडे लिहिले आहे 'दिसलं', उजवीकडे 'मला वाटतं'. ब्राह्मी, निरीक्षण आणि अनुमान यांची फारकत मी पस्तीस वर्षे फळ्यावर शिकवली. इतकी स्वच्छ ती एकाही विद्यार्थ्याने केली नाही, तूही नाही. ही मुलगी बारावीत तर्कशास्त्र घ्यायला तयार नव्हती. बापाचा तास दोनदा कशाला ऐकायचा, असे तिचे म्हणणे होते.

वहीतून दोन गोष्टी दिसतात. सगळ्या फिट पहाटे साडेचार ते सातच्या दरम्यानच्या आहेत. आणि सोळा ते एकोणीस डिसेंबर हे चार दिवस फिटविना आहेत. त्या दिवसांत त्या दोघी नणंदेच्या बाळाच्या बारशाला वाडीवर होत्या. डावीकडे चारदा लिहिले आहे: 'फिट नाही. हसली.'

वीस डिसेंबरच्या पानावर, उजव्या बाजूला, एक ओळ गिरवून खोडलेली आहे. ती काय होती, असे मी विचारले. काही नाही, असे ती म्हणाली. मी आग्रह धरला नाही.

ही वही डॉक्टरांना का दाखवली नाहीस, हे मात्र विचारले. तिचा आवाज चढला नाही, एवढे सांगतो. "केव्हा दाखवू? केबिनमध्ये तुम्ही बोलता. वॉर्डात आम्हाला बाहेर काढतात."

बाविसाव्या तारखेची वेळ ठरली आहे. वही घेऊन जाऊ. आकडा आता चौदा आहे.

मदन चौगुले

ता. क. बाविसाव्या तारखेला डॉ. शिवतेज यांना तातडीने दुसरीकडे जावे लागेल, म्हणून वेळ सत्तावीसवर गेल्याचे आत्ताच कळले. पाच दिवसांचा प्रश्न आहे.


सांगली, ३० जानेवारी २०२५

ब्राह्मी,

पाच दिवसांचा प्रश्न नव्हता.

चोवीस तारखेच्या पहाटे आलेली फिट अठ्ठावीस मिनिटे थांबली नाही. रुग्णालय दहा मिनिटांवर असल्याचा मला किती अभिमान होता, हे तू पहिल्या पत्रात वाचले आहेस. त्या पहाटे रिक्षा मिळेपर्यंतच बारा मिनिटे गेली. सुंदरी मुलीला कुशीवर धरून, घड्याळाकडे बघत, वेळ मोठ्याने सांगत होती, म्हणजे रुग्णालयाच्या दारात डॉक्टरांना ती विचारावी लागू नये. दोन दिवस अतिदक्षता विभाग, मग वॉर्ड. सलाइनमधून औषध चालू झाले, तोंडातली औषधे परिचारिकांच्या घड्याळाप्रमाणे सकाळी आठ आणि रात्री आठ. पहाटा शांत गेल्या. ही शांतता सलाइनची, असे सर्वांनी मानले. अठ्ठावीस तारखेला तिसरे औषध सुरू व्हायचे होते.

त्या सकाळी धोंडुबाई जतहून पहिल्या एस.टी.ने आल्या. राउंड आला. परिचारिकेने नातेवाइकांना बाहेर जायला सांगितले. सगळ्यांत आधी मी उठलो. नियमाच्या कर्त्याने नियम पाळला पाहिजे. सुंदरी वही छातीशी धरून उठली. धोंडुबाई नातीच्या पायाला हात लावून बसल्या होत्या, त्या तशाच बसून राहिल्या. आजी, चला, असे दोनदा सांगून झाल्यावर त्या परिचारिकेला म्हणाल्या, "बाई, मी लांबनं आली. तुमी तुमचं करा, मी काय आडवी येत न्हाई."

डॉ. शिवतेज यांनी परिचारिकेला हाताने थांबवले. मग सुंदरीच्या हातातल्या वहीकडे पाहून त्यांनी ती मागितली. तीन-चार मिनिटे उभ्याने वाचली. मग स्टूल ओढून बसले. राउंडला डॉक्टर बसलेला मी पाहिला नव्हता. मी दाराच्या चौकटीत होतो, धड आत नाही, धड बाहेर नाही.

वाडीवर काय वेगळे असते, असे त्यांनी विचारले. सुंदरीने माझ्याकडे पाहिले. उत्तर धोंडुबाईंनी दिले.

"येगळं काय न्हाई. आमी दिवं लागल्यावर निवांत जेवतो. ह्यांच्यात उजेडातच उरकत्यात." मग माझ्याकडे वळून, "रागवू नका पावनं. आय नसल्यालं कोकरू आसतंय बगा, त्येला दिस बुडायच्या आत पाजून मोकळं झालं, तर पाटंला लडबडतंय. राती उठून परत पाजावं लागतंय. तुमी एवढी शिकल्याली माणसं. मला वाटलं, तुमाला ठावं आसंल."

डॉक्टरांनी सवयीने प्रश्न मला विचारला: संध्याकाळचे औषध केव्हा देता?

"जेवणानंतर," मी म्हणालो.

"घड्याळात किती वाजता, सर?"

"साडेपाच."

"आणि सकाळचं?"

हे सुंदरीने सांगितले. "साडेआठ. अण्णा मंदिरातून आले की मग चूल पेटते आमच्यात."

तू आमच्याच जैन घरांतली आहेस. तुला समजावून सांगायला नको. सूर्यास्तानंतर अन्न नाही, सकाळी दर्शनाआधी अन्न नाही. नियम माझा, तो मुलीवर मी कधी लादला नाही. पण घरातले जेवणच त्या वेळी होते, आणि औषध जेवणाला बांधलेले होते. बारा तासांचे औषध पंधरा तासांवर ताणले जात होते आणि पहाटे ते संपत होते. वाडीवर रात्री साडेआठला भाकरी खाऊन औषध घेणारी मुलगी ठणठणीत होती.

त्यानंतर डॉ. शिवतेज जे बोलले ते दोन शिकाऊ डॉक्टर, परिचारिका आणि आम्ही सर्व, यांच्यादेखत. "चूक माझी आहे. चिठ्ठीत मी वेळ लिहिली नाही. रक्त दर वेळी अकराला काढलं, सकाळचा डोस पोटात असताना. आकडा चांगला येणारच. पहाटे किती उरतं, हे मी बघितलंच नाही." आणि सुंदरीला: "ताई, सगळा दोष एवढ्याचाच असेल असं नाही. पण तिसरं औषध आज थांबवू. आठ आणि आठ करून बघू. वही चालू ठेवा. मला ती रोज लागेल."

नातेवाइकांसमोर डॉक्टर मोकळेपणी बोलणार नाही, हा माझा अकरा वर्षांपूर्वीचा मुद्दा होता. तो खाटेशेजारी माझ्या डोळ्यांदेखत कोसळला, आणि मला वाईट वाटले नाही. या शहरात असा माणूस आहे, याचा मला अभिमान वाटला.

आता जे पहिल्या दोन पत्रांत लिहिले नाही ते लिहितो.

वीस डिसेंबरला, वाडीवरून परत आल्यावर, सुंदरीने मला विचारले होते, "अण्णा, संध्याकाळचं औषध फार लवकर तर होत नाही ना?" मी उत्तर दिले, की चिठ्ठीत 'जेवणानंतर' असे आहे, 'अमुक वाजता' असे नाही, आणि लिहिले नाही ते वाचू नये. वाक्य मला आवडले होते. तिने उलट उत्तर दिले नाही. आपल्या खोलीत जाऊन ती ओळ खोडली. त्यानंतर नऊ फिट आल्या, आणि दहावी अठ्ठावीस मिनिटांची. केबिनमध्ये तीन वेळा डॉक्टरांनी औषधाविषयी विचारले, तीन वेळा उत्तर मी दिले, आणि तीनही वेळा ते अक्षरशः खरे होते. वॉर्डात डॉक्टरांनी सगळा दोष स्वतःकडे घेतला तेव्हाही मी चौकटीत गप्प उभा होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये एकटा गेलो आणि हे सर्व क्रमाने सांगितले. ते म्हणाले, तुमचे उत्तर बरोबर होते, मीच नेमका प्रश्न विचारला नाही. मी हे मान्य केले नाही. मुलीला प्रश्न पडला होता, तो नेमका होता, आणि तो डॉक्टरांपर्यंत पोचण्याआधी मी त्याला हरवले होते.

आज घरी आलो. साडेसातला माझ्या घरात गॅस पेटला. सुंदरीच्या आईच्या हयातीतही असे कधी झाले नव्हते. मी काही खाल्ले नाही. ते माझे व्रत आहे आणि राहील. पण दूधभात मी माझ्या हाताने भरवला, आणि आठच्या ठोक्याला औषध सुंदरीने दिले. धोंडुबाई भिंतीला टेकून बघत होत्या. "पावनं," त्या म्हणाल्या, "आता म्हैनाभर घड्याळाचा धरम पाळा."

मदन


सांगली, ४ मार्च २०२५

प्रिय ब्राह्मी,

एकोणचाळीस दिवस. फिट नाही.

दुसरे औषध दहा दिवसांपासून हळूहळू कमी होत आहे. पहाटेचे, औषधाआधीचे रक्त तपासले. आकडा आता प्रामाणिक आहे. पाय अजून ओढते, डॉ. शिवतेज म्हणतात, तो वेळ घेईल, आणि किती घेईल ते आत्ता सांगता येणार नाही. शब्द परत येत आहेत, आणि आवश्यकतेपेक्षा जास्त संख्येने येत आहेत. काल तिने मला, माझ्याच घरात, चप्पल कुठे काढावी हे शिकवले.

समितीची बैठक परवा झाली. नवा ठराव मी आणला नाही. दोन हजार चौदाची फेटाळणी मागे घ्यावी, एवढीच सूचना केली. म्हणजे ठराव तुझ्या नावावर, तुझ्या शब्दांत उभा राहतो. त्यात एकच भर घातली गेली, ती डॉ. शिवतेज यांची: चिठ्ठीत औषधाची वेळ घड्याळाप्रमाणे लिहावी, आणि घरातली जेवणाची वेळ आईला विचारूनच लिहावी. ठराव एकमताने संमत झाला. पाटी काल उतरली. इतिवृत्ताची प्रत सोबत जोडली आहे. तू परत यावेस असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. मेढ्याच्या डोंगरातल्या मुलांना तू हवी आहेस. तू बरोबर होतीस, हे सही-शिक्क्यानिशी तुझ्याकडे असावे, एवढाच हेतू आहे.

जे इतिवृत्तात नाही ते लिहिण्यासाठी हे पत्र.

सूचना मांडल्यावर अध्यक्षांनी विचारले, कोणाचा विरोध? कोणीच बोलेना. सगळे माझ्या नातीच्या आजाराने हळवे झाले होते. हळवेपणाने संमत झालेला नियम पहिल्या अडचणीत मोडतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून विरोध करायला मीच उभा राहिलो. अध्यक्ष गोंधळले, सर, तुम्ही नक्की कोणत्या बाजूला, असे त्यांनी विचारले. बोलताना विरोधात, मतदानात बाजूने, असे मी सांगितले, आणि उत्तर देण्यासाठी पालकांतर्फे सुंदरीला बोलावावे, अशी विनंती केली.

मी हातचे राखले नाही. अकरा वर्षांपूर्वीची सगळी धार होती, वर नव्या अनुभवाने सुचलेले दोन मुद्दे होते. मागच्या खुर्च्यांवर धोंडुबाई अपेक्षाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना कुजबुजता येत नाही.

"पावनं कुणासंगं भांडत्यात गं?"

"आईसंगं," अपेक्षा म्हणाली.

"मग हरत्यात."

समिती हसली. मी बोलत राहिलो. दोन नोंदींच्या मुद्द्यावर सुंदरी म्हणाली, की दोन नोंदी होत्या म्हणूनच दोन्ही तपासता आल्या. जे मी पस्तीस वर्षे अनेकान्त म्हणून शिकवले, ते तिने एका वाक्यात, तो शब्द न वापरता सांगितले. मी नापसंतीचा चेहरा केला आणि पुढे गेलो.

मग माझा सर्वांत बळकट मुद्दा आला, ज्यापुढे तू त्या दिवशी थांबली होतीस. मी म्हणालो, की आई पक्षपाती असते. तिला जे हवे असते तेच तिला दिसते. अशा साक्षीवर निःपक्षपाती वैद्यकाने विसंबून राहू नये.

सुंदरीने हातवारे केले नाहीत, घसा खाकरला नाही. माझ्याकडे सरळ बघत ती म्हणाली, "हो अण्णा, असते. म्हणून तर दीड महिना रोज पहाटे साडेचारला मी जागी होते. निःपक्षपाती माणसं तेव्हा झोपली होती."

माझ्यापाशी अजून दोन मुद्दे शिल्लक होते. मी खाली बसलो.

तुझा,
मदन चौगुले